सोमवारी बंद करणे

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आधीच सांगून टाकते. डोळ्यांच्या हॉस्पिटलात तारखांच्या खिडकीवर मी नऊ वर्षं बसते आहे. ऑपरेशनची तारीख मी देते, पुढे-मागे मी करते, आणि तारखेवरून कोणी भांडायला आलं तर त्याच्याशी भांडतेही मीच. समोर सगळे ताई म्हणतात, पाठ वळली की तोफ. म्हणोत बापडे. पण आज सांगायचंय ते टाचणीबद्दल. मी मध्ये मध्ये तोंड घालीन, तेवढं सोसून घ्या.

टाचणी आमच्या कंप्युटरच्या खोलीत काम करते. अंगकाठी काडीसारखी आणि डोक्यावर हा एवढा अंबाडा, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. शिवाय टेबलावर टाचण्यांची पत्र्याची डबी. दिवसभर कंप्युटरसमोर बसणारी ही बाई जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठीला चिठ्ठी टाचत जायची. आम्ही हसायचो. "अगं, एवढं मोठं मशीन आहे ना तुझ्याकडे," मी एकदा म्हटलं, "त्याच्या लक्षात राहत नाही का?" तर म्हणे, "सगळं राहतं. कशाचा कशाशी संबंध आहे, तेवढं कळत नाही त्याला." आणि परत चिठ्ठीत मान घातली. अशी ही. चहाला बोलावलं तर 'हे एवढं संपवते' म्हणणार आणि चहाचं पाणी होणार.

तिच्या वडिलांचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. लहानपणी तिचं काम एकच. आलेल्या कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचायची आणि तोच नंबर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. एकदा वडिलांनी नुसत्या आडनावावर एका नवरदेवाचा कोट भलत्याच माणसाला देऊन टाकला. लग्न कोटाशिवाय लागलं. वडील त्या घरी जाऊन सगळ्या मांडवासमोर हात जोडून उभे राहिले, चूक माझी म्हणाले. तेव्हापासून दुकानात नियमच झाला, नावावर द्यायचं नाही, चिठ्ठीवर द्यायचं. हे मला तिनेच सांगितलं, पण पुढे. आधी माझ्यावर काय बेतलं ते ऐका.

एका सोमवारी जेवणाची सुट्टी संपवून मी खिडकी उघडली, तर यादीत भोकंच भोकं. दोनशे चौदा ऑपरेशनांच्या तारखा गायब! रोज रात्री यादीची नक्कल निघते, तिच्यावरून सगळं परत आलं, पण त्यात मंगळवारची दुपार झाली. तोवर सतरा म्हातारी माणसं लांबून येऊन, 'तुमचं नावच नाही' ऐकून परत गेली होती. एक आजीबाई सकाळपासून उपाशीपोटी आलेल्या.

मंगळवारी सकाळीच मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर छापील कागदांची चळत होती. प्रत्येक ओळीत वेळ, 'तारीख पुसली' एवढे शब्द, आणि पुढे माझं नाव. पण जुनं! नवऱ्याच्या आडनावासकट.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच्यापासून सुटले. कोर्टाचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात अर्ज केला आणि माहेरचं आडनाव परत घेतलं. खिडकीच्या पाटीवर, पगाराच्या कागदावर, कंप्युटरवर, सगळीकडे. त्या नावाने मला कोणी हाक मारली तरी मी मागे वळून बघत नाही.

"साहेब, ह्या नावाची बाई इथे कामाला नाही," मी म्हटलं.

"पण हे तुमचंच नाव ना?"

"होतं."

"नावं दोन असतील, ताई, माणूस एकच आहे. आणि कंप्युटर खोटं बोलत नाही."

त्यात माझीच जीभ मला नडली. दोनच दिवस आधी, शनिवारी, एका डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तारखा फिरवल्या म्हणून मी भर व्हरांड्यात ओरडले होते, "एक दिवस ही सगळी यादी पुसून टाकते, मग कळेल एकेकाला!" अख्ख्या हॉस्पिटलाने ऐकलं होतं. पुसापुशी झाली ती सोमवारी एक ते दोनमध्ये, आणि त्या वेळात मी मागच्या जिन्यावर एकटीच डबा खात बसले होते, कारण माझी सगळ्यांशीच कट्टी होती. साक्षीला फक्त एक मांजर.

शुक्रवारी अकराला चौकशी, तोवर घरी बसा, असा हुकूम झाला. घरी आई, शाळेत जाणारी पोर आणि कमावणारी मी एकटी. नोकरी गेली तर दुसरी शोधीन, मेली. पण 'रागाच्या भरात हिने म्हाताऱ्यांच्या डोळ्यांच्या तारखा पुसल्या' असा डाग घेऊन कोणाच्या दारात उभी राहणार होते मी?

मी घरी गेलेच नाही. कंप्युटरच्या खोलीबाहेर पेशंटांचं बाक आहे. त्यावर बसायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. बसले. तासाभराने टाचणी बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी फक्त पुसलेलं शोधलंय. आत कोण शिरलं, कुठून शिरलं, ते शोधलंच नाही."

"म्हणजे?"

तेव्हा तिने दुकानाची गोष्ट सांगितली. म्हणाली, कंप्युटरचंही तसंच आहे. माणूस आपलं खातं उघडून आत शिरला की मशीन त्या शिरण्याला एक नंबर देतं. मग तो आत जे जे करील त्या प्रत्येक नोंदीला तोच नंबर टाचलेला. पुसल्याच्या नोंदीत मशीन कुठलं ते लिहिलेलं नसतं, पण हा नंबर असतो. शिरल्याच्या नोंदीत नंबर असतो आणि मशीनही असतं. "दोनशे चौदाच्या दोनशे चौदा ओळींवर एकच नंबर आहे. त्या नंबराची शिरल्याची नोंद सापडली की मशीन सापडलं, आणि मशीन सापडलं की माणूस."

"मग शोध की! बसलीयेस काय!"

"शोधली. सोमवारी त्या नंबराने कोणी शिरलेलंच नाही."

मी कपाळावर हात मारला. ती मात्र ढिम्म. म्हणाली, "सोमवारी शिरलं नाही म्हणजे आधी कधीतरी शिरलंय आणि बाहेरच पडलेलं नाही. मागे जात राहायचं."

मागे जाणं तोंडाचं काम नव्हतं. एकेका दिवसाच्या नोंदी सहा-सहा लाख. आठवड्यापलीकडचे दिवस तर बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांसारखे. एक गठ्ठा सोडवून त्यात शोधायला आमच्या जुन्या मशीनला दोन तास लागत. तिची रोजची कामं सांभाळून दिवसाला चार दिवस मागे सरकायची. तिचे साहेब दारातून म्हणाले, "कशाला जीव काढतेस? नाव छापलंय ना ढळढळीत!" तिने मान वर केली नाही. "नाव छापलंय, साहेब. चिठ्ठी जुळायचीय."

मंगळवार संपला, काही नाही. बुधवार संपला, काही नाही. बुधवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तिने एक चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली.

"ती कसली?"

"गठ्ठे तीसच दिवस ठेवतात. रोज सहाला सगळ्यात जुना आपोआप जातो. आजचा गेला. थांबवायला अर्ज केलाय, उत्तर आठवड्याने येईल."

"आणि तू अलीकडून सुरुवात केलीस?"

"हो. क्रमाने."

"अगं ए शहाणे!" मी बाकावरून उठलेच. "तुझं डोकं आहे का खोकं? माझ्या खिडकीवर ज्याची तारीख उद्या संपणार त्याला आधी बोलवते मी, पुढच्या महिन्यातल्याला नाही! जे उद्या जाणार ते आधी बघ ना!"

टाचणी इथे आल्याला आठ वर्षं झाली, पण माझ्यासमोर ती पहिल्यांदा हसली, तेही अर्धंच. म्हणाली, "खरंच की गं."

गुरुवारी सकाळी तिने शेपटाकडचा गठ्ठा सोडवला, संध्याकाळी सहाला जाणार होता तोच. दहा वाजून काही मिनिटांनी तिने काचेवर टकटक केलं. मी आत धावले. पडद्यावर एकच ओळ. माझं जुनं नाव, तोच नंबर, दुसरा मजला, जुन्या कागदपत्रांची खोली. सत्तावीस दिवस आधीच्या, म्हणजे पुसापुशीच्या सोमवारच्याही सत्तावीस दिवस आधीच्या, एका मंगळवारी कोणीतरी माझ्या नावाने आत शिरलं होतं आणि तेव्हापासून आतच होतं.

"क्रमाने गेले असते तर हा हातचा गेला असता," ती म्हणाली. आधी तिने त्या ओळीच्या तीन नकला काढल्या. मग त्याच दिवसात मागे शोधलं. शिरण्याच्या नऊ मिनिटं आधी त्याच खात्याचा पासवर्ड नवा करून दिलेला. कोणी? तर चावीवाल्याने. चावीवाला म्हणजे मदतीच्या खिडकीवरचा माणूस, विसरलेले पासवर्ड बदलून देतो तो. टाचणीने दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकमेकींना टाचल्या.

चावीवाल्याला आम्ही जागीच गाठला. त्याने काही लपवलं नाही. "अहो, नव्या माणसाला खातं द्यायचं तर तीन सह्या आणि पंधरा दिवस. माणूस येऊन नुसता बसलेला. हे एक खातं पडून दिसलं, दिलं उघडून. मला काय माहीत कोणाचं?"

"आणि नवा माणूस कोण?"

"वर आहेत ना, गुरुजी."

गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, जुने कागद लावायला तीन महिन्यांसाठी घेतलेले. आम्ही वर गेलो तेव्हा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात टाचणीने माझा हात दाबला आणि विचारलं, "गुरुजी, तुम्ही मशीन रोज कसं बंद करता?"

"हे काय, पडद्याचं बटण दाबतो. पहिल्या दिवशी मदतीच्या खिडकीवरच्या पोराने चालू करून दिलं, तेव्हापासून तसंच. उगाच आपण कशाला हात लावा?"

"आणि कोपऱ्यात हे नाव दिसतं ते?"

गुरुजींनी हात जोडले, खरंच जोडले. "ह्या बाईंनी हे मशीन हॉस्पिटलाला देणगी दिलं असणार. पलंगांवर, पंख्यांवर असतात ना नावं, तसं. रोज सकाळी बसताना मनातल्या मनात नमस्कार करतो त्यांना."

महिनाभर, सुट्ट्या सोडून, एक माणूस मला नमस्कार करत होता आणि मला पत्ता नाही! हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "गुरुजी, सोमवारी दुपारी यादीतलं काही पुसलंत का हो?"

"पुसलं ना! एकच नाव दोनदा आलं असेल तर दुसरं काढा, असं लिहून दिलंय मला. दोनशे चौदा सापडली. जेवायलासुद्धा उठलो नाही."

"अहो, ती जुन्या यादीतली काढायला सांगितली असणार!" मी ओरडलेच. "ही माझ्या खात्यातून उघडलेली चालू यादी होती, गुरुजी. आणि नाव दोनदा येतं, कारण माणसाला डोळे दोन असतात! एकाची तारीख गेल्या महिन्यात, दुसऱ्याची ह्या!"

गुरुजी खुर्चीत मागे टेकले. चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला. मग म्हणाले, "मी येतो उद्या. मी सांगतो सगळ्यांसमोर." मी त्यांना पाणी दिलं. शिव्या तोंडापर्यंत आलेल्या गिळल्या.

खाली येताना मी हवेत होते. सुटले! टाचणीने मात्र खोलीत आल्यावर दार लावलं, कपाट उघडलं, एक फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत माझाच अर्ज होता, दोन वर्षांपूर्वीचा, आडनाव बदलण्याचा. त्याला चिठ्ठी टाचलेली. तारीख, शुक्रवार असं लिहिलेलं, आणि खाली टाचणीच्या अक्षरात, 'नवीन खातं दिलं. जुनं सोमवारी बंद करणे.'

"बंद केलंच नाही मी," ती म्हणाली. "दोन वर्षं ते उघडं होतं. म्हणून चावीवाल्याला पडून दिसलं."

मग काय, तोफेला बत्ती लागली. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, लाज वाटते. "ते नाव अंगावरून उतरवायला मला सहा वर्षं लागली, आणि तू ते जिवंत ठेवलंस? तीन दिवस मी चोरासारखी बाहेर बसले! सोमवारी काय झोपली होतीस?"

"सोमवारी मी नव्हते," ती एवढंच म्हणाली. "नंतर राहून गेलं. उद्याच्या कागदात हे जोडतेय. तुला आधी सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं."

मी दार आपटून निघाले. घरी आईला सगळं ओकून सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुठली तारीख म्हणालीस चिठ्ठीवर?" मी सांगितली. आई म्हणाली, "अगं, त्याच रविवारी नाही का तिचे वडील गेले? तू आणि मी भेटायला गेलो होतो. दुकानाला कुलूप होतं, आणि तिची वहिनी आतून पाणी घेऊन आली."

त्या शुक्रवारी तिला वडिलांच्या तब्येतीचा फोन आला असणार. माझं काम अर्ध्यावर सोडून तिने चिठ्ठी लिहिली, टाचली, आणि पळाली असणार.

शुक्रवारी चौकशीच्या खोलीबाहेर मी तिला गाठलं. "मी सांगणार आहे साहेबांना. वडिलांचं."

"नाही सांगायचं."

"अगं पण..."

"माझे वडील कोटाची माफी मागायला गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी माझी आजी गेली होती. त्यांनी तिथे आजीचं नाव काढलं नाही." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू बोलायचं नाहीस. शपथ आहे तुला."

आत तिने एकेक चिठ्ठी टेबलावर मांडली. पासवर्ड बदलला, नऊ मिनिटांनी गुरुजी आत शिरले, सत्तावीस दिवसांनी पुसलं, सगळीकडे तेच खातं आणि तोच नंबर. त्याच वेळी माझं नवं खातं तळमजल्यावरच्या खिडकीत उघडं, पण काही न करता निजलेलं. गुरुजी उभे राहिले, चूक माझी म्हणाले. साहेबांनी माझ्यासमोर, सगळ्यांसमोर, माझ्यावरचा आरोप काढला. मग त्यांच्या हाताला शेवटचा कागद लागला.

"हा जोडायची गरज होती का? गुरुजी आणि चावीवाला, एवढ्यावर भागत होतं की."

"गुरुजींच्या हातात खातं आलं, कारण ते उघडं होतं. उघडं का होतं, ते त्या कागदावर आहे."

"तुमच्या खोलीच्या प्रमुखाची जागा महिन्याभरात रिकामी होते आहे. तुमचंच नाव पुढे होतं. माहितेय ना?"

"माहितेय, साहेब."

साहेबांनी चिठ्ठी परत वाचली. "त्या सोमवारी झालं काय होतं?"

टाचणी म्हणाली, "राहून गेलं."

मी दातांनी ओठ धरून ठेवला, रक्ताची चव आली तोंडात. नऊ वर्षांत ह्या तोफेने अवघड अवघड गोळे टाकले आहेत, पण तो एक न टाकलेला सगळ्यात जड होता.

तिला लेखी समज मिळाली. प्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली. चावीवाल्याची चावी काढून घेतली. गुरुजींना साहेब घरी पाठवणार होते, पण मीच म्हटलं, माझ्या खिडकीशी द्या, नावं पुकारायला. आवाज खणखणीत आहे मास्तरांचा. आता ते प्रत्येक नावापुढे डावा की उजवा ते दोनदा विचारतात आणि रांग अडवतात.

मधल्या काळात माझं जुनं खातं कुलूप लावून ठेवलं होतं. कायमचं बंद करायला साहेबांची सही लागते, ती नंतर मिळाली. सकाळी दहाला टाचणीने मला खोलीत बोलावलं. पडद्यावर माझं ते नाव होतं, नवऱ्याच्या आडनावासकट, आणि खाली विचारलेलं, बंद करायचं?

"तू दाब," ती म्हणाली.

मी दाबलं. नाव गेलं. इतकी वर्षं ते माझ्या मानेवर बसलं होतं, आणि जाताना साधा आवाजही झाला नाही. मला रडू आलं, आणि मी रडले.

तिने रुमाल नाही दिला. फाइल उघडली, दोन वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी सपाट केली, 'जुनं सोमवारी बंद करणे' ह्या ओळीखाली 'बंद केलं' असं लिहिलं, पुढे तारीख आणि वेळ घातली, आणि आम्ही दोघींनी खाली सही केली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्या दिवशी सोमवारच होता.